जरी पाळतात म्हणे!

ऐकलंत का? माणसं आता गोम पाळायला लागलीत. अहो, पैसे मोजून! डबा, माती, पाण्याची इवलीशी वाटी आणि वर लाडाचं नाव. आमच्या भालकीत ही बातमी भाच्याच्या मोबाइलमधून शिरली, तेव्हा त्याची आजी भाकरी थापत होती. पीठ हातालाच राहिलं. "कुत्रं पाळ, शेळी पाळ. गोम? येडं झालंय का काय लेकरू!"

तिचं तरी काय चुकलं? कलबुर्गी-बिदरकडचं घर म्हणजे खाली शहाबादी फरशी. पावसाळ्यात मोरीजवळची सैल फरशी उचलली की खाली ओल, आणि ओलीत ती: विटकरी, चकचकीत, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फटीत गडप. मग घरातल्या सगळ्या चपला त्या फटीच्या दिशेनं. कानडीत गोमेला जरी म्हणतात. शेजारीण एकदा "जरी बंदद!" म्हणून ओरडली, तर उदगीरची नवी सून साडीवाला आला समजून धावत गेली आणि तशीच बाजेवर चढली.

बरं, आमच्याकडं देवणी बैल घेतानाही आधी गोम बघतात. केसांची ती रेघ भलत्या जागी निघाली की सौदा मोडलाच. आता गोमच विकत घ्यायची म्हटल्यावर तिच्या अंगावर काय बघायचं?

भाचा तयारीत होता. म्हणाला, पाय मोज. शंभर पाय ही थाप आहे. गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम. मोठ्या जातींत 21 किंवा 23, म्हणजे पाय 42 नाहीतर 46. शंभर भरायचे तर 50 जोड्या लागतील, आणि तो आकडा सम. शिवाय ती तोंडानं चावत नाही. पायांची पहिली जोडीच विषारी नांग्या झालेली असते. "पायानं चावते?" आजीनं पिठाचाच हात कपाळाला लावला.

आता हौशी लोकांचा जीव कुणावर, तर तांबड्या-काळ्या पट्ट्यांच्या आपल्याच भारतातल्या 'टायगर' गोमेवर. दिसायला इरकलीच्या काठासारखी, पण चपळ नि भलती तापट. नवशिक्यानं रंगाला भुलू नये. अमेरिकेच्या कोरड्या मुलखातली पॉलिमॉर्फा नावाची त्या मानानं लहान आणि सोशिक जात आहे, जाणते आधी तिचं नाव घेतात. डबा गुळगुळीत भिंतींचा, गोमेच्या लांबीहून उंच आणि झाकण खटक्याचं. कारण ती भिंतीला टेकून उभी राहते आणि काठ सापडला की गेलीच. डब्यात एकीलाच ठेवायचं. दोघी ठेवल्या तर सकाळी बहुधा एकच उरते. अंगावर किड्यांसारखा मेणाचा थर नसतो, म्हणून माती ओलसर हवी, नाहीतर ती सुकून मरते. आठवड्याला एखादं झुरळ पुरे. हात लावायचा नाही, लांब चिमटाच वापरायचा.

"हात लावायचा नाही, मग लाड कसले?" आजीचा सवाल बिनतोड होता.

भाच्यानं मग एक फोटो दाखवला. अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळं घालून बसलेली गोम. आठवडेच्या आठवडे ती तशीच बसते, खात नाही, अंडी चाटून बुरशीपासून जपते. कुणी सारखं डोकावलं, डबा हलवला, तर मात्र स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. आजी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बाळंतिणीला छळू नये रे."

तर खरी गोम इथं आहे. पाळणाऱ्याला मिरवायचं असतं आणि तिला अंधार हवा असतो. वर्षानुवर्षं नुसत्या मातीच्या डब्याकडं बघत बसायची ज्याची तयारी असेल, त्यानं खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी मोरीजवळची फरशी उचलावी, लांबून बघावी आणि हळूच परत ठेवावी. चप्पल पायातच राहू द्या.