दुभाजक दोन असतात

निर्देशक भूमिती शिकवून निवृत्त झालेला माणूस ओळखायला सोपा. टपरीवर चहा सांगण्याआधीच तो टेबलावर बोटाने एक आडवी आणि एक उभी रेघ ओढतो, दोन्हींच्या टोकांना बाण काढतो आणि आरंभबिंदूपाशी कप ठेवायला सांगतो. समोरचा माणूस मग कुठल्या ना कुठल्या चरणात आलाच. असे सर प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. दुसरे असलेच, तर ते बीजगणिताचे असतात आणि दोघांचं पटत नाही.

सरांना पत्ता विचारू नये. "मारुतीचं देऊळ शून्य-शून्य धरा. पूर्वेला तीन, उत्तरेला दोन." रिक्षावाला गोंधळून विचारतो, "म्हणजे डेअरीच्या पुढे का अलीकडे?" सर चिडतात, "डेअरी उणे दोन, एक! दुसऱ्या चरणात कशाला जाता?"

खरी गडबड पालकांची होते. सरांच्या शिकवणीतल्या एका मुलाला तीन चाचण्यांत सलग 52 गुण पडले. सरांनी आईला सांगितलं, "तुमच्या मुलाचा चढ शून्य आहे." माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं. सर समजूत घालू लागले, "अहो, शून्य चढ, शून्य गुण नव्हे. रेषा क्ष-अक्षाला समांतर चाललीय. घसरत नाही, हे काय कमी?" दुसऱ्या एकाला एकाच पेपरात आधी 31 आणि फेरतपासणीत 68 मिळाले. क्ष तोच, य वेगळा, म्हणजे छेदात शून्य. सरांनी वहीवर शेरा मारला, 'चढ ठरवता येत नाही.' वडिलांनी पेढे वाटले.

मुंबईहून पुण्याला येताना गाडी कर्जतला थांबते. लोक वड्याकडे धावतात, सर गाडीच्या शेपटाकडे. घाट चढवण्यासाठी तिथे मागून ढकलणारी इंजिनं लागतात आणि ती लागलेली सरांना डोळ्यांनी बघायची असतात. "बोरघाटाचा चढ सदतीसास एक," ते परत येऊन डब्याला सांगतात. "सदतीस मीटर पुढे जा, तेव्हा एक मीटर वर. कोन जेमतेम दीड अंश! दीड अंशाला मागून इंजिनं लावावी लागतात, आणि पालक विचारतात, आमचा मुलगा पंचेचाळीस अंशात वर का जात नाही?" तोवर वडे संपलेले असतात.

पण सरांचं खरं तेज वार्षिक सर्वसाधारण सभेत. यंदा विषय मेंटेनन्सचा होता. लिफ्ट बदलायची म्हणून सातव्या मजल्याला महिना 700 रुपये वाढ हवी होती. तळमजला लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, तो 100च्या वर यायला तयार नव्हता. चेअरमन म्हणाले, "मधला मार्ग काढू. चारशे."

सर उठले. "हा मधला मार्ग नव्हे. ही सरासरी आहे." आणि फळ्यावरची 'उद्या पाणी येणार नाही' ही सूचना पुसून त्यांनी अक्ष काढले.

"शंभर रुपये म्हणजे एक एकक. तळमजल्याच्या रेषेचा चढ 1, सातव्या मजल्याच्या रेषेचा 7. आता आकडे विसरा, कोन बघा. 1 म्हणजे 45 अंश. 7 म्हणजे साधारण 82. मधोमध येतात साडेत्रेसष्टच्या आसपास, आणि त्या दुभाजकाचा चढ चार नाही, बरोबर 2. दोनशे रुपये!"

"आमचे सात, त्यांचा एक, आणि निकाल दोन?" सातवा मजला गरजला.

"वर जाल तसे आकडे फुगतात, कोन फुगत नाही," सर शांतपणे म्हणाले. "उभ्या रेषेपर्यंत तुमच्याकडे 8 अंशच उरलेत. उद्या सात लाख मागा, दुभाजक 242 रुपयांच्या वर जाणार नाही."

सातशे सांगितले की चारशे पदरात पडतात, या भरवशावर आपल्याकडे भाजीपासून हुंड्यापर्यंत सगळे व्यवहार चालत आलेत. त्या भरवशाच्या मुळावरच सरांनी कंपास ठेवला होता. तळमजल्याने टाळ्या वाजवल्या. तिथेच खाली बसायचं, तर सर बसले नाहीत.

"थांबा. दोन रेषा छेदल्या की दुभाजक दोन असतात. दुसरा पहिल्याला काटकोनात. चढांचा गुणाकार उणे एक, म्हणजे याचा चढ उणे अर्धा."

"म्हणजे किती रुपये?"

"महिना पन्नास रुपये कमी."

आता तळमजला शंभरही द्यायला तयार होईना. पन्नास रुपये परत मिळण्याची गणिती सोय असताना शंभर का द्यावेत? सातव्या मजल्यावरच्या काकूंनी सरांच्या घरची पाण्याची टाकी कोण भरतं, हा विषय काढला.

अखेर खजिनदार बोलले. ते सीए आहेत, वर्षातून एकदाच बोलतात. "सर, तुम्ही शंभराची नोट एकक धरलीत. दहाची धरली तर?"

सरांनी फळ्यावर 10 आणि 70 लिहिले. बराच वेळ खडू चालला. उत्तर आलं साडेसतरा, म्हणजे 175 रुपये.

"म्हणजे नोट बदलली की न्याय बदलतो?"

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. सरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत सभेत त्यांना पहिल्यांदाच कोणी शंका विचारली होती. "शाब्बास! कोन अक्षांच्या प्रमाणावर अवलंबून असतो, आणि मी कोपऱ्यात प्रमाणच लिहिलं नाही. कापा माझा अर्धा गुण. आता आपण पाचशेची नोट धरून बघू..."

पण सभेने एव्हाना एकमेकांकडे पाहिलं होतं. तळमजल्याने सातव्या मजल्याला पाण्याची बाटली दिली, सातव्याने तळमजल्याला खुर्ची सरकवली, आणि दोघे एका सुरात म्हणाले, "चारशे!" लिफ्ट बसल्यापासून सोसायटीत असं एकमत झालेलं नव्हतं. ते घडवून आणण्याचं श्रेय सरांना कोणी दिलं नाही.

सरांनीही चारशेच्या बाजूने हात वर केला. अट एकच घातली: चार हा एक आणि सातचा दुभाजक नव्हे, असा त्यांचा निषेध इतिवृत्तात नोंदवावा. सेक्रेटरींनी तो नोंदवला. आकृतीला वहीत जागा उरली नव्हती, म्हणून सरांनी आलेखाच्या कागदाची पुरवणी दोऱ्याने बांधून दिली.