पीपीएमकाका

काही माणसांचा डोळ्यांवर विश्वास नसतो, काट्यावर असतो. बाहेर पाऊस कोसळत असला तरी ती आधी मोबाइलमध्ये बघतात आणि मगच छत्री उचलतात. भिलाईत अशी माणसं अंमळ जास्तच, कारण लोखंडाच्या रसाच्या कपाळाला हात लावून ताप बघता येत नाही. आमच्या सेक्टरमधले पीपीएमकाका याच जातीचे. वडील अमरावतीकडून प्लांटच्या बांधकामावर आले आणि इथलेच झाले. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली धमनभट्टी सुरू केली तेव्हा वडील गर्दीत होते, हे काका सांगतात. कितव्या रांगेत होते, हेही सांगतात.

काका स्वतः इन्स्ट्रुमेंटेशनवाले. ड्यूटीभर खिशाला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर. त्या गॅसला ना वास ना रंग. तिथे मीटरवर विश्वास ठेवणं हा जिवाचा प्रश्न असतो, हे मान्यच. पण रिटायर झाल्यावर मीटर जमा केला आणि सवय मात्र घरी आली. महिन्याभरात हॉलमधला शोकेस हलला, तिथे तीन फुटी अ‍ॅक्वेरियम आलं, त्यात खऱ्या वनस्पती आल्या आणि काका कार्बन डायऑक्साइड मोजू लागले. एक ऑक्सिजन वाढला, बाकी नोकरी तीच.

पाण्यातल्या रोपांनाही हा वायू लागतोच. हवेतून पाण्यात आपोआप मुरतो तो लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. हौशी मंडळींना हवा असतो तीस, म्हणजे तीस पीपीएम. कमी पडला की शेवाळ माजतं, फार झाला की मासे गुदमरतात. म्हणून टँकखालच्या कपाटात सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, पुढे बुडबुडे मोजायची काचेची नळी. एक टन पोलादामागे दोन टनांच्या आसपास हाच वायू आभाळात सोडणाऱ्या धंद्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस आता स्टुलावर बसून ‘सेकंदाला दोन की अडीच’ यावर घड्याळ लावतो.

आणि मग तो ड्रॉप चेकर. बोराएवढा काचेचा फुगा, रबरी चकतीने आतल्या काचेला चिकटवलेला. फुग्यात थोडं रंगीत द्रावण, त्याच्या आणि टँकच्या पाण्याच्या मध्ये हवेचा कप्पा. पाण्यातला वायू तो कप्पा ओलांडून द्रावणात उतरतो आणि द्रावण रंग बदलतं: निळं म्हणजे वायू कमी, हिरवं म्हणजे बेताचा, पिवळं म्हणजे धोका. द्रावणात टँकचं पाणी चालत नाही. बॅटरीचं पाणी लागतं आणि त्यात खायचा सोडा. किती? लिटरला 1.2 ग्रॅम, मग ते दहापट पातळ करायचं, मग ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. घरच्या काट्यावर 1.2 ग्रॅम दिसेना, तेव्हा काका सोड्याची पुडी घेऊन थेट सराफाकडे गेले. सराफाने तोलला. घडणावळ घेतली नाही.

खरी पंचाईत रंगाची. हिरवा म्हणजे कोणता हिरवा? काकांनी फुग्यामागे पांढरा कागद धरला, कार्ड शेजारी धरलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. पीएच आणि क्षारतेच्या कोष्टकात बोट फिरवलं. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “मोरपंखी आहे. काल रामा होता.” काकांनी ते हसण्यावारी नेलं. पण चार दिवस ताडून पाहिलं तर काकूंच्या साड्यांचं कपाट कार्डापेक्षा बारीक फरक सांगत होतं. आता लॉगबुकात ‘रंग’ या रकान्यात काकांच्या सुवाच्य अक्षरात मोरपंखी, रामा, पोपटी, लिंबू अशा नोंदी आहेत. पोपटी आला की काका खूश. लॉगबुक अर्थातच शिफ्टप्रमाणे आहे. फर्स्ट शिफ्ट काका, सेकंड शिफ्ट काका, आणि काका नागपूरला लग्नाला गेले की चार्ज काकूंकडे, सहीनिशी. दुर्ग स्टेशनावरूनच फोन येतो. “कसा आहे?” काकू विचारत नाहीत कोण. “पोपटी,” म्हणतात.

रोटालाची लाल शेंड्यांची जुडी काकांनी बाहेरून मागवली, भारी किमतीला. घरकामाला येणाऱ्या बाईंनी काचेला नाक लावून पाहिलं आणि असलंच काहीतरी आपल्या धानाच्या खेतात उगवतं, आम्ही उपटून फेकतो, असं सांगितलं. रोटालाची एक जात भातखाचरातलं तण आहे हे खरंच आहे. काका म्हणाले, “तुमच्याकडे पीपीएम किती ते मोजलंय का?”

गणपतीत काय झालं, ते अख्ख्या ब्लॉकला माहीत आहे. आरतीला घर भरलेलं. काकूंनी ताम्हन हातात असतानाच टँककडे पाहिलं. “अहो, मासे वर आलेत.” नियॉन टेट्रा सगळे पृष्ठभागाला तोंड लावून. काका वाकले. “रामा आहे. तीसच्या आतच.”

“तोंडं उघडतायत ती.”

“इंडिकेटर दाखवत नाही ना पण.”

काकूंनी ताम्हन शेजारणीकडे दिलं, कपाट उघडून सिलिंडर बंद केला, एअर पंप चालू केला आणि परत आरतीत येऊन टाळी धरली. प्रसाद वाटून होईपर्यंत मासे खाली जाऊन रोपांत हिंडू लागले. वायूला तो कप्पा ओलांडायला तास-दोन तास लागतात, हे काकांइतकं कुणालाच ठाऊक नाही; त्यांनीच ते आम्हा सगळ्यांना शिकवलंय. तरी पाहुणे चपला घालत असताना आतून त्यांचा विजयी आवाज आला. “या, या, बघा! पिवळा झाला! म्हटलं नव्हतं, मीटर कधी खोटं बोलत नाही?”

त्या दिवशीचं पान मी पाहिलंय. मासे वर आले 7.10. सिलिंडर बंद (सौ.) 7.12. रंग लिंबू 7.55. आणि शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात: इंडिकेटर ठीक. मासे वेळेआधी.