बसकी गाडी

जाहिरात मीच लिहिली होती. 'दर्दी माणसासाठीच. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.' वरूडात अशा गाडीचा दर्दी माणूस मी एकटा, आणि विकायला निघालो होतो तोही मीच. त्यामुळे जे फोन आले ते सगळे दुसऱ्या वर्गातले.

गाडी होंडा सिटी व्हीटेक, २००१ची. सिटी भारतात आली १९९८ला आणि हे रूप २००३मध्ये नव्या सिटीसाठी बंद झालं. मधल्या काळात तिला दीड लिटरचं १०६ अश्वशक्तीचं जे इंजिन मिळालं, त्यावर आमची अर्धी पिढी पागल झाली. होंडानं व्हीटेकची ही करामत जपानात १९८९मध्ये इंटिग्रात पहिल्यांदा केली. हळू चालवा, इंजिन एकदम सोवळ्यातलं. काटा वर चढला की कॅमशाफ्टवरचा दुसरा, उंच लोब कामाला लागतो, व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि त्याच इंजिनाच्या अंगात येतं.

मी त्यात नागपूरहून हेडर, फ्री-फ्लो सायलेन्सर, अलॉय आणि बसक्या स्प्रिंगांची भर घातली. मागे लाल अक्षरांत 'टाइप आर', म्हणजे होंडाच्या खास तापट गाड्यांची पाटी. ही टाइप आर नाही हे मला ठाऊक होतं आणि होंडाला. मोर्शीपर्यंत तिसऱ्या कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

स्पीडब्रेकर आला की आधी आई उतरे, मग बायको उतरे, मग मी गाडी तिरपी करून एकेक चाक चढवी. त्या दोघी पलीकडे जाऊन उभ्या राहत. आई म्हणे, "बसनं आलो असतो तर घरी पोचलो असतो." सायलेन्सरच्या आवाजात मला ते ऐकू येत नसे.

पहिलं गिऱ्हाईक संत्र्याचा व्यापारी. आंब्या बहाराचा हंगाम, हातात चार पैसे. गाडीभोवती फिरला, वाकला आणि म्हणाला, "काऊन टेकली भाऊ? मांगं माल भरला का?" मी सस्पेन्शन समजावलं. त्यानं डिकी उघडून विचारलं, "क्रेट किती बसतीन?"

दुसरा शेंदुरजनाघाटचा पोरगा. याला मी १०६ घोडे सांगितले. "थे ठीक हाये भाऊ, पन हे घोडे खातात किती?"

इथे मला आमच्या काकाजींची जोडी आठवते, आणि ती आठवली की मी थांबत नाही. काकाजींकडे पटाचे बैल होते. पट म्हणजे शंकरपट. आमच्या जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर जुना आणि नामांकित. सेकंदाच्या तुकड्यांत वेळ मोजतात आणि तेवढ्या तुकड्यासाठी माणसं वर्षभर बैलांना दूध, उडीद, तूप चारतात. घरातली पोरं चहा-पोळी खात, बैल तूप खात. यात कोणाला काही गैर वाटत नसे. घ्यायला येणारा माणूस दात पाही, पाठीवरून हात फिरवी, जोडी एकदा पळवायला लावी आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव सांगे. हे बैल किती एकर वखरतात असं कोणी विचारलं असतं, तर काकाजींनी त्याला चहासुद्धा पाजला नसता.

७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. पळण्यापलीकडे काहीच न शिकलेल्या बैलांना काकाजींनी दोन हंगाम पोसलं आणि मग बाजारात नेलं. गिऱ्हाइकानं विचारलं, "डवऱ्याले चालतात का?" काकाजी "शिकतीन" एवढंच म्हणाले. दावी मात्र सोडून घरी आणली. आमच्याकडे जनावरासोबत दावं देत नाहीत. पुढे १८ मे २०२३ला न्यायालयानंच शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. आता काकाजी पटाला जातात ते नुसते बघायला. बैल विकले त्या दिवशी त्यांना कसं वाटलं असेल हे मी कधी विचारलं नव्हतं. डिकीत क्रेट मोजणाऱ्या माणसासमोर उभं राहिल्यावर विचारायची गरजही उरली नाही.

सर्वोच्च न्यायालयाचं आमच्या घराण्यावर बारीक लक्ष असावं. कारण जानेवारी २०१९मध्ये त्यानंच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावला की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही. तिसऱ्या गिऱ्हाइकाला हे तोंडपाठ होतं. "ओरिजनल सायलेन्सर हाये का घरी?" असेल तर इतके, नसेल तर त्यातून पंधरा हजार कमी. म्हणजे ज्या वस्तूंवर माझी कमाई गेली, त्या असण्याबद्दल दंड आणि नसण्याबद्दल बक्षीस!

मूळचं सगळं माळ्यावर होतं. मेकॅनिकनं जुन्या स्प्रिंगा टाकल्या, गाडी हातभर उंच झाली. निदान मला तेवढी वाटली. आई आपणहून आत जाऊन बसली. "आता कशी मानसासारखी दिसते," म्हणाली.

गाडी घेतली बेनोड्याच्या एका शिक्षकानं. सज्जन माणूस. चाळीसच्या वर काटा जाऊ देणार नाही. तो दुसरा लोब आता निवृत्त झाला म्हणायचा. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, याले गॅस किट बसते ना?" मी आत जाऊन पाणी पिऊन आलो.

चावी मात्र मी कागदांवर सह्या झाल्यावरच दिली, आणि वाचकहो, तुम्हीही तसंच करा. फॉर्म २९ आणि ३० भरा, विकल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवा. गाडी ज्याच्या नावावर तोच कायद्यानं मालक, असं न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. उद्या अपघात झाला तर भरपाई तुमच्याकडे मागतील. नाव बदलल्याचं आधी डोळ्यांनी पाहा, मग काय हळवं व्हायचं ते व्हा.