व्हेनिसला जाऊन आलात म्हणे!

ऐकलंत का? आता म्हणे व्हेनिस पाहिल्याशिवाय मोक्ष नाही! काशी राहिली तर राहू दे, पण गोंडोलात बसल्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडलाच पाहिजे. मुलांची लग्नं उरकली, फंडाचे पैसे हातात आले, की निघालीच जोडपी. सगळा दोष त्या अमिताभ आणि झीनत अमानचा! 1979 साली ‘द ग्रेट गॅम्बलर’मध्ये ती दोघं गोंडोलात काय बसली, इथली एक अख्खी पिढी तेव्हापासून पाण्याकडे डोळे लावून बसली.

आणि भाव काय हो? गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 110. हा दर अख्ख्या होडीचा, आणि होडीत पाच जण मावतात. मग काय, आपल्या मंडळींनी भागाकार केला: माणशी फक्त 18! म्हणजे जन्मभर मनात जपलेली प्रणयाची होडी, आणि समोर सहलीच्या बसमधल्या जोशीकाका-काकू, शिवाय त्यांच्या वन्सं. गाणारा हवा असेल तर त्याचे पैसे निराळे.

बरं, ज्या पुलाखालून हातात हात घालून जायचं, तो कसला? उसाशांचा पूल! डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यातून कैद्यांना तुरुंगात नेण्याची ती वाट. आता त्याच्याखाली सूर्यास्ताला चुंबन घेतलं की प्रेम अमर होतं, म्हणे. शिव शिव! लग्नाला तीस वर्षं झालेला नवरा तिथे जो उसासा सोडतो, तो कैद्यांच्या खात्यावर लिहायचा की प्रेमिकांच्या?

शहराचं चारित्र्य तरी धड आहे का? ज्या संत मार्कच्या चौकात सगळे फोटो काढतात, त्याचे अवशेष 828 साली अलेक्झांड्रियातून पळवून आणले, अशी तिथली परंपरागत कथा. तिथल्या मुस्लीम तपासनिसांनी हात लावू नये म्हणून वर डुकराचं मांस रचलं होतं म्हणे. लपवाछपवी तरी करावी! छे, या चोरीची मोझेक चित्रं त्याच संताच्या चर्चमध्ये दिमाखात लावली आहेत. चर्चवरचे ते प्रसिद्ध चार घोड्यांचे पुतळे तर चौथ्या क्रूसेडमध्ये, 1204 साली कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हाचे. 1797मध्ये नेपोलियनने तेच पॅरिसला नेले, चोरावर मोर! 1815 साली परत आले. आज दर्शनी भागावर दिसतात त्या प्रतिकृती. अस्सल घोडे आत, संग्रहालयात.

या वेडाला शेवटी शहरच कंटाळलं. जुन्या शहरात राहणारे उरले पन्नास हजारांहून कमी, आणि पाहुण्यांचा लोंढा थांबत नाही. म्हणून 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लावलं. सुरुवातीला 5 युरो. शहरात शिरायला तिकीट, ऐकलंय कधी? पंचवीसपेक्षा मोठे गट बंद, गाईडचा भोंगाही बंद. आता बसभर मराठी माणसांना बिनभोंग्याचं एकत्र ठेवायचं कसं, हे टूर मॅनेजरच जाणे! चौकातल्या कबुतरांना दाणे टाकायलाही बंदी.

पण खरी लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. चाळीस वर्षं ज्या शहराची स्वप्नं पाहिली, त्याला आपण देतो किती वेळ? चार तास! सकाळी त्रोंकेत्तोच्या बसतळावर उतरायचं, बोटीने चौकात, गोंडोला, काचेचं दुकान, फोटो, की पुन्हा बस. कारण रात्रीचं हॉटेल आणि वरणभात पलीकडे, मुख्य भूमीवर! रियाल्तोचा 1591 साली पूर्ण झालेला दगडी पूल कित्येकांना बोटीतूनच दिसतो, आणि गल्ल्यांत वाट चुकण्याची चैन तर कोणालाच परवडत नाही.

तेव्हा जायचंच असेल तर खुशाल जा, पण एक रात्र तिथेच काढा. गोंडोला नाही परवडला तर वापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यातली बस, तिथल्या मोठ्या कालव्यातून जाते. आणि हिशेबी मंडळींसाठी शेवटचं: शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते प्रवेशशुल्क माफ आहे.