कानातले रातकिडे

"हल्ली माझ्या कानांत रातकिडे ओरडतात," एवढं चारचौघांत बोलून पाहा. ऐकणाऱ्यांतला प्रत्येक जण तिथल्या तिथे वैद्य होतो. मावशी म्हणाली, "वात आहे, कोमट तेल सोड." जाऊबाईंनी त्याच तेलात लसूण तळायला सांगितली, ती मी तळली आणि आमटीत घातली. भाच्यानं मात्र कुणाला न विचारता थेट बाटली मागवली.

बाटली देखणी आहे. आत कापसाचा बोळा, बाहेर लेबलावर पंख्याच्या आकाराचं गिंकोचं हिरवंगार पान, 'श्रवणारोग्य' वगैरे भारदस्त शब्द. आणि कोपऱ्यात, चष्मा लावूनही शोधावं लागेल अशा अक्षरांत, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. पूरक आहाराच्या डब्यांवर हे छापणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणजे बाटली स्वतःच सांगते, की बाई, मी औषध नाही. आपणच ऐकत नाही. आणि तक्रार तर कानांची!

गिंको, झिंक, मेलाटोनिन यांचा कानातल्या आवाजासाठी सल्ला देऊ नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीनं 2014 मध्येच सांगून ठेवलंय. बी-12 खरोखर कमी असेल तर ते भरून काढावंच, पण रक्त तपासून. शिवाय गिंको अगदीच गरीब गाय नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्या जोडीला हे पान नको.

हा आवाज बहुतेक वेळा येतो तो ऐकू कमी येऊ लागल्यामुळे. वयानं म्हणा, मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे नाचल्यानं म्हणा, आतल्या कानातल्या नाजूक केशपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बाहेरून काही येईना म्हटल्यावर मेंदू आपला रेडिओचा कान पिळत बसतो आणि आपल्याला खरखर ऐकू येते. आणि चांगले कान असणाऱ्यांनी फार ऐटीत राहू नये. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी 80 धडधाकट माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांतल्या 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं!

स्मेताना या चेक संगीतकारानं 1876 मध्ये आपल्या कानातली ती तीक्ष्ण शिट्टी चक्क व्हायोलिनवर लिहून ठेवली. तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी केलेल्या त्याच्या रचनेचा शेवटचा भाग रंगात आलेला असताना मध्येच ती किंचाळते. आपल्याला ते जमायचं नाही. आपण रात्री पंखा लावावा. घरघरणारा जुना पंखा असेल तर उत्तमच, निव्वळ शांततेत रातकिड्यांना फार चेव येतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावं, कारण बाहेरचं जग आत आलं की आतला गोंगाट पुष्कळदा मागे पडतो. आमच्या यांना कानाला मशीन लावण्यात कमीपणा वाटतो, डोळ्यांना चष्मा लावण्यात नाही. हे कोडं मला सुटलेलं नाही. आणि आवाजापेक्षा त्याची धास्तीच जास्त छळत असेल, तर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे. तिनं आवाज जात नाही, जाच कमी होतो, आणि याला बऱ्यापैकी पुरावा आहे. गोळीला तो नाही.

मात्र आवाज एकाच कानात येत असेल किंवा नाडीच्या ठोक्यागणिक धडधडत असेल, तर कान तपासून घ्या. आणि एकाएकी ऐकूच येईनासं झालं, तर मावशीला फोन न करता त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.