दुधाइतका पातळ

प्लॅस्टिकची छोटी विमानं रंगवणाऱ्यांच्या शास्त्राचं पहिलं सूत्र थेट गोठ्यातून आलेलं आहे: एअरब्रशमध्ये घालायचा अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ हवा. पण कुठलं दूध, ते कुणी सांगत नाही. म्हशीचं धारोष्ण, गाईचं, की आमच्या गवळ्याचं? ज्या घरात आईनं आयुष्यभर त्याच्याशी पाण्यावरून वाद घातला, त्याच घरातला मुलगा आता ड्रॉपरनं रंगात थेंब थेंब पाणी सोडतो, कपाच्या कडेवरून ओघळ कसा उतरतो ते निरखतो आणि ‘अजून थोडं हवं’ म्हणून हळहळतो. गवळ्यानं पाहिलं तर त्याचे डोळे भरून येतील.

दुधाचा स्वभावही या रंगानं उचलला आहे. जपानच्या शिझुओकातल्या तामियाचा अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलमध्ये सुखानं विरघळतो. स्पेनच्या वायेहोच्या रंगात तेच अल्कोहोल पडलं, की तो चक्क नासतो. 0.3 मिलिमीटरच्या नोझलपुढं एवढीशी गुठळीही पुरे. रंग फार पातळ झाला, तर पंखावर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात. दाट राहिला, तर सुईच्या टोकावरच वाळून बसतो. सगळं जमलं, की 15-20 पीएसआयचा दाब ठेवायचा. तर्जनीनं बटण दाबलं की हवा, मागं ओढलं की रंग. पहिला थर धुक्याइतका, असून नसल्यासारखा. मग वाळू द्यायचा, पुन्हा एक धुकं. असं करता करता कधीतरी रंग आलेला असतो. नेमका केव्हा आला, ते सांगता येत नाही. वयाचंही असंच असतं.

त्यातून मिग-21 चं मॉडेल 1:72 प्रमाणातलं, म्हणजे सहा फुटांचा माणूस इंचाचा. फूटभरावरून ते पाहायचं म्हणजे खरं विमान 72 फुटांवरून पाहायचं, आणि मधली हवा रंग फिका करते. म्हणून खऱ्या छटेत थोडा पांढरा मिसळायचा. टेबलावर नसलेल्या हवेलाही रंग द्यायचा! एवढं करून झालं, की त्या नव्याकोऱ्या विमानाला काजळी लावायची, कडा झिजवायच्या, पत्रा उन्हानं विटवायचा. हे विमान 1963 मध्ये हवाई दलात आलं आणि सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झालं. त्याची ही सारी नोकरी टेबलावर दोन संध्याकाळींत उरकावी लागते.

शेजारच्या आजी हा उद्योग बराच वेळ पाहत होत्या. “विटलेलंच हवं होतं, तर आमच्या गॅलरीचं दार होतं की रे,” म्हणाल्या. मग चष्मा सावरून कॉकपिटमध्ये डोकावल्या. “आणि चालवणारा पोरगा कुठाय?”

तो टूथपिकच्या टोकाला चिकटवून ठेवला होता, चेहऱ्याच्या रंगाची वाट बघत. आजींनी त्याला जवळ धरून न्याहाळलं.

“याला मात्र जुना करू नकोस हं.”