गोळी कुंपणामागूनच आली

केनेडी खुनाच्या अभ्यासकाला 'कटवाला' म्हटलेलं खपत नाही. तो 'संशोधक' असतो. आयुष्यभर विमा, टपाल, शाळा अशा कुठल्या तरी निरुपद्रवी खात्यात नोकरी केलेली असते आणि खऱ्या कामाला सुरुवात निवृत्तीनंतर होते. घरातली एक खोली त्यानं 22 नोव्हेंबर 1963 या खुनाच्या तारखेला देऊन टाकलेली असते. घरची माणसं तिथं केर काढायलाही जात नाहीत. खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचा 888 पानांचा अहवाल आणि त्यामागचे साक्षीपुराव्यांचे 26 खंड यांची जितकी पारायणं त्यानं केलीत, तितकी आयोगाच्या सदस्यांनीही केली नसतील. त्यातल्या एका अक्षरावर त्याचा विश्वास नाही. पण स्वतःचा मुद्दा ठासायचा असला की त्याच अहवालातला खंड अमुक, पान तमुक, धडाधड तोंडातून बाहेर पडतं.

खून झाला त्या डॅलसच्या डीली प्लाझात तो हमखास भेटतो. काखेत जाडजूड फाइल, हातात प्लास्टिक चढवलेले फोटो. आधी तो तुम्हाला पुस्तकांच्या गोदामाची सहाव्या मजल्यावरची खिडकी दाखवतो. ली हार्वी ओस्वाल्डनं तिथून तीन गोळ्या झाडल्या, असं आयोग म्हणतो. बंदूक इटालियन, जुनी, शिकागोच्या दुकानातून खोट्या नावानं टपालानं मागवलेली. किंमत दुर्बिणीसकट 19 डॉलर 95 सेंट.

"वीस डॉलरच्या बंदुकीनं अमेरिकेचा अध्यक्ष मरतो? पटतं तुम्हाला?"

खुनापेक्षा त्या किमतीचा अपमान त्याला जास्त झोंबलेला असतो.

मग येते 'जादूची गोळी'. केनेडींच्या पाठीत शिरली, गळ्यातून निघाली, पुढं बसलेल्या गव्हर्नर कॉनलींची बरगडी आणि मनगट फोडून त्यांच्या मांडीत विसावली. हे सांगताना तो स्वतःच्या अंगावर बोट फिरवत गोळीचा सगळा प्रवास करून दाखवतो. एव्हाना तुमची समजूत होते की याचं भांडण आयोगाशी असणार. छे! 'एकटा ओस्वाल्ड' मानणाऱ्यांची त्याला नुसती कीव येते. बिचारे सरकारी शाळेत शिकलेले, त्यांचं काय मनावर घ्यायचं? त्याचा खरा वैरी दुसरा संशोधक. तोही म्हणतो, गोळी गवताळ उंचवट्यावरच्या लाकडी कुंपणामागून आली. पण मारेकरी उभा होता तो जरा डावीकडं! शेताच्या बांधावरून सख्ख्या चुलतभावांची पिढ्यान्‌पिढ्या बोलाचाली बंद असते ना, तसं आहे हे. परका माणूस आख्खं रान बळकावून गेला तरी चालेल, चुलतभावानं वीतभर बांध सरकवता कामा नये.

त्यात तिसरा उपटतो. त्याचा मारेकरी कुंपणामागं नाहीच, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात आहे. चौथ्याच्या मते गोळी मोटारीच्या चालकानंच मागं वळून घातली. या चौथ्याला मात्र बाकीचे तिघं एकदिलानं वेडा ठरवतात. तेवढा एक क्षण एकीचा.

झाप्रुडरच्या फिल्मवरून तर घरं फुटलीत. अब्राहम झाप्रुडर हा बायकांच्या कपड्यांचा कारखानदार. त्याच्या कॅमेऱ्यात सव्वीसेक सेकंदांची फिल्म उतरली, 486 चौकटींची. 313 व्या चौकटीत डोक्याला गोळी लागते आणि डोकं मागं जातं. म्हणजे गोळी पुढून आली! आमच्या संशोधकाचं सगळं आयुष्य या एका चौकटीवर उभं आहे. आणि एक दिवस त्याच्याच कंपूतला माणूस उठून म्हणतो, फिल्मच बनावट आहे, सरकारनं चौकटी बदलल्या. आता आली का पंचाईत! फिल्म खोटी धरली तर कट आणखी मोठा होतो, पण 313 हातची जाते.

छत्रीचंही तेच. लख्ख ऊन पडलेलं, आणि नेमका मोटार जाताना एकानं काळी छत्री उघडली. ती म्हणे इशारा होती. छे, छत्रीतूनच विषारी बाण सुटला! 1978 मध्ये छत्रीवाला संसदीय समितीपुढं छत्री घेऊन हजर झाला. म्हणाला, केनेडींच्या वडिलांनी ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनच्या हिटलरपुढं नमतं घेण्याच्या धोरणाला पाठिंबा दिला होता, त्याचा निषेध म्हणून उघडली. चेंबरलेनची छत्री प्रसिद्धच होती. संशोधकांनी काय करावं? छत्रीच्या काड्या मोजल्या. आणि म्हणाले, ही ती छत्री नव्हे.

त्याच समितीनं 1979 मध्ये त्यांना आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद दिला आणि सगळ्यात मोठी चिडचिडही. पोलिसांच्या एका ध्वनिमुद्रणावरून समिती म्हणाली, उंचवट्यावरून चौथी गोळी सुटली होती, म्हणजे बहुधा कट होता. पेढे वाटायची वेळ! पण पुढची ओळ अशी की केनेडींना लागल्या त्या ओस्वाल्डच्याच, उंचवट्यावरच्याचा नेम चुकला. सरकारनं आपला माणूस मान्य केला तो भिकार नेमबाज म्हणून! 1982 मध्ये शास्त्रज्ञांच्या मंडळानं तो चौथा आवाजही निकालात काढला. मूळ चूक पकडली होती ओहायोतल्या एका ढोलकवादकानं, मासिकाबरोबर फुकट मिळालेली त्याच ध्वनिमुद्रणाची प्लास्टिकची तबकडी घरी पुन्हापुन्हा ऐकून. खरं तर हा पठ्ठ्या यांच्याच जातकुळीचा. पण लगेच प्रश्न निघाला, या ढोलकवाल्याला पैसे कोण देतं?

तसा हा रिवाज जुनाच. आयोगाच्या 26 खंडांना धड विषयसूची नव्हती, ती न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया मीगर यांनी एकटीनं तयार केली. आयोगावर त्यांच्याइतकी कडक टीका क्वचितच कुणी केली असेल. पण न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी क्ले शॉ यांच्यावर कटाचा खटला भरला, तेव्हा मीगरबाई ठामपणे विरोधात उभ्या राहिल्या. त्यापायी जुने स्नेही तुटले. 1969 मध्ये ज्यूरीनं तासाभराच्या आत शॉ यांना निर्दोष सोडलं, म्हणून तुटलेले काही परत जुळले नाहीत.

1981 मध्ये तर ओस्वाल्डचं थडगं उकरलं गेलं. पुरलेला माणूस रशियाचा तोतया आहे, असं एका इंग्रज लेखकाचं म्हणणं. दात तपासले, ओस्वाल्डच निघाला. झालं, वाद मिटला? मग डोकं बदललं असेल, म्हणाले.

आणि सगळे मुद्दे संपले की उरते शेवटची शिवी: "तू सीआयएचा माणूस." मुद्दा जितका बिनतोड, तितका मांडणारा वरच्या हुद्द्याचा.

कुणी गुन्हा कबूल केला तरी सुटका नाही. जेम्स फाइल्स नावाच्या कैद्यानं नव्वदीच्या दशकात सांगितलं, कुंपणामागून मीच गोळी घातली. काहींनी त्याला डोक्यावर घेतलं, बाकीचे भडकले. आमच्या संशोधकापाशी त्याचं नाव काढलंत तर तो फाइल मिटून तुम्हाला चढावर घेऊन निघतो.

"बढाईखोर आहे तो! मारेकरी कुठं उभा होता ते मी दाखवतो, या. आणि तिथं निळ्या टोपीतला एकजण फोटो विकत असेल, त्याच्याशी बोलू नका. तो सीआयएचा आहे."